खोडलेला दरबार आणि उरलेले हात: राव्हेन्नातील एका मोझेइक-बदलाचा प्रकरण अभ्यास

भिंतीवर काय दिसते

इटलीच्या ईशान्य भागात, एड्रिॲटिक समुद्राजवळ वसलेल्या राव्हेन्ना शहरात सांत आपोल्लिनारे नुओव्हो नावाचे सहाव्या शतकातील चर्च आहे. त्याच्या मुख्य दालनात पाऊल टाकल्यावर उजव्या भिंतीवर, दाराच्या अगदी जवळ, एका राजवाड्याचे मोझेइक, म्हणजे काचेचे व दगडाचे छोटे तुकडे बसवून केलेले भित्तिचित्र, दिसते. त्यात पांढरे खांब आहेत, खांबांवर कमानी आहेत, कमानींतून नक्षीदार पांढरे पडदे सोडलेले आहेत आणि मध्यभागी त्रिकोणी शिखराखाली ‘पालातियुम’, म्हणजे राजवाडा, अशी लॅटिन अक्षरे आहेत. कमानींत एकही माणूस नाही. मधल्या, सर्वांत मानाच्या कमानीत तर पडदाही नाही, तिथे केवळ सोनेरी पार्श्वभूमी आहे. मात्र खांबांकडे नीट पाहिले की काही खांबांच्या पांढऱ्या अंगावर मानवी हात दिसू लागतात. पंजा आणि मनगट शाबूत आहेत, पुढे कोपराच्या दिशेने जाणारा भाग पडद्याच्या कडेशी अचानक संपतो आणि त्या हाताला जोडलेले शरीर कुठेच नाही.

हे हात चित्रकाराच्या कल्पनेतून आलेले नाहीत. एकेकाळी त्या कमानींत माणसे उभी होती. ती काढून टाकून त्यांच्या जागी पडदे बसवले गेले आणि खांबांवर पसरलेले हात तेवढे मागे राहिले. समोरच्या उत्तर भिंतीवर क्लासे या बंदराचे चित्र आहे. तिथेही शहराच्या तटासमोर पूर्वी माणसे होती, आणि तटाच्या विटांच्या रंगात पडलेल्या फरकामुळे त्यांच्या देहरेषा अजून ओळखता येतात.

सहाव्या शतकाच्या मध्यानंतर झालेला हा एकच बदल या लेखाचा विषय आहे. बायझंटिन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातील, धार्मिक मोझेइकांविषयी लिहिताना सोनेरी पार्श्वभूमी, समोर पाहणारे डोळे आणि तेजोवलये यांचे अर्थ सुटे सुटे सांगण्याची पद्धत आहे. तसे केल्याने प्रतीकांची यादी तयार होते, परंतु ती प्रतीके प्रत्यक्षात कशी वापरली जात होती, कोणते प्रतीक बदलण्याची गरज लोकांना वाटली आणि कोणते तसेच ठेवले गेले, हे कळत नाही. राव्हेन्नातील या भिंतीवर ते कळते. तिथे जे खोडले गेले त्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जे खोडले गेले नाही ते बोलके आहे.

दोन पंथांचे शहर

पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इ.स. ४०२ मध्ये राव्हेन्नाला आली. भोवतालच्या दलदलीमुळे शहर जिंकणे कठीण होते आणि क्लासेच्या बंदरामुळे पूर्वेकडे जाणारा समुद्रमार्ग खुला होता. पश्चिमेकडील सत्ता कोसळल्यानंतर इ.स. ४९३ मध्ये ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक याने शहर ताब्यात घेतले आणि इ.स. ५२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथूनच इटलीवर राज्य केले. त्याला रानटी टोळीचा नायक समजणे चुकीचे ठरेल. लहानपणापासून तारुण्यापर्यंतची सुमारे दहा वर्षे तो ओलीस म्हणून पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात राहिला होता. सम्राट कसा बसतो, त्याच्यासमोर कसे यावे, सत्ता डोळ्यांना कशी दिसली पाहिजे, हे सारे त्याने त्या वयात पाहिलेले होते.

गॉथ लोक ख्रिस्ती होते, परंतु एरिअन मताचे होते. ख्रिस्त हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून पित्याहून खालच्या पायरीवरचा, असे ते मत मानत असे. इ.स. ३२५ मध्ये निसियाच्या धर्मसभेने ते अमान्य करून पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे आहेत असा निर्णय दिला होता. थिओडोरिकच्या राव्हेन्नात दोन्ही मतांचे बिशप, दोन्ही मतांची चर्चे आणि दोन्ही मतांची बाप्तिस्मागृहे शेजारी शेजारी नांदत होती. राजाच्या वतीने त्याचा अधिकारी कॅसिओडोरस याने लिहिलेल्या एका पत्रात, आम्ही धर्माची सक्ती करू शकत नाही, कारण मनाविरुद्ध विश्वास ठेवायला कुणालाही भाग पाडता येत नाही, अशा आशयाचे वाक्य आहे. ते जेनोआतील यहुदी समाजाला उद्देशून होते.

आपण पाहत आहोत ते चर्च थिओडोरिकने आपल्या राजवाड्याला लागून बांधले आणि ख्रिस्ताला अर्पण केले. इ.स. ५४० मध्ये पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसारिअस याने राव्हेन्ना जिंकले. पुढे एरिअन चर्चांची मालमत्ता निसियावादी, म्हणजे निसियाचा निर्णय मानणाऱ्या, चर्चकडे सोपवण्याचा आदेश सम्राटाने काढला. त्यानुसार बिशप ॲग्नेलस याने, जो इ.स. ५५७ ते ५७० या काळात राव्हेन्नाच्या गादीवर होता, हे चर्च ताब्यात घेतले आणि तूर्सच्या संत मार्टिनला नव्याने अर्पण केले. छताच्या सोनेरी कामामुळे लोक त्याला ‘सुवर्ण आकाशातील संत मार्टिन’ म्हणत. आजचे नाव त्यानंतर तीन शतकांनी, संत आपोल्लिनारिसचे अवशेष क्लासेहून इथे आणले गेले असे मानले जाऊ लागल्यावर पडले. मोझेइकांतला बदल बिशप ॲग्नेलसच्या कारकिर्दीत, इ.स. ५६१ च्या आसपास झाला.

तीन पट्ट्या

दालनाच्या दोन्ही लांब भिंतींवर मोझेइके तीन आडव्या पट्ट्यांत विभागलेली आहेत. छताजवळच्या सर्वांत वरच्या पट्टीत ख्रिस्ताच्या जीवनातील २६ प्रसंग आहेत, प्रत्येक भिंतीवर १३. उत्तरेकडे चमत्कार आणि दृष्टांत, दक्षिणेकडे अखेरचे भोजन, अटक, न्यायनिवाडा आणि पुनरुत्थान. मधल्या पट्टीत खिडक्यांच्या दरम्यान पांढऱ्या वस्त्रांतील, हाती ग्रंथ किंवा गुंडाळी घेतलेले ३२ पुरुष उभे आहेत. त्यांची नावे लिहिलेली नाहीत, परंतु ते संदेष्टे आणि धर्मग्रंथांचे लेखक असावेत. सर्वांत खालची, प्रेक्षकाला सर्वांत जवळची पट्टी मिरवणुकींची आहे. उत्तर भिंतीवर क्लासे बंदरापासून निघालेल्या २२ कुमारिका संत पूर्वेकडे, सिंहासनावर बसलेल्या मारिया आणि बालख्रिस्ताकडे निघाल्या आहेत. दक्षिण भिंतीवर राजवाड्यापासून निघालेले २६ हुतात्मे सिंहासनस्थ ख्रिस्ताकडे निघाले आहेत. दोन्ही सिंहासनांच्या दोन्ही बाजूंना मिळून चार चार देवदूत उभे आहेत.

वरच्या दोन पट्ट्या, पूर्व टोकाची दोन्ही सिंहासने आणि पश्चिम टोकाची दोन्ही शहरे थिओडोरिकच्या काळातील आहेत. बिशप ॲग्नेलसच्या काळात बदलला तो या दोन टोकांमधला प्रवास. दरवाज्यापाशी राजवाडा आणि वेदीपाशी सिंहासन अशी जागांची मांडणी असेल, तर मूळ मिरवणुकीत राजवाड्यातून निघून ख्रिस्ताकडे जाणारा राजदरबारच असणार, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो. मधल्या कमानीतील रिकामे सोने आणि खांबांवरचे हात त्याला आधार देतात. ज्या कमानीवर ‘राजवाडा’ असे लिहिले आहे तिथे राजाच असणार, आणि आजूबाजूला त्याच्याकडे हात करणारे दरबारी.

काच, वर्ख आणि चुना

हा बदल का ओळखू येतो, हे समजण्यासाठी मोझेइक कसे बसवले जाते ते पाहावे लागते. हीच गोष्ट त्याच्या दृश्य सौंदर्याच्याही मुळाशी आहे.

भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे थर दिले जात. शेवटचा थर एका बैठकीत जेवढा भरून होईल तेवढाच लावला जाई. त्या ओल्या थरावर आकृतीची रूपरेषा आणि रंग ब्रशने काढून घेतले जात आणि मग काचेचे व दगडाचे छोटे तुकडे बोटांनी दाबून बसवले जात. वस्त्रे आणि पार्श्वभूमी यांसाठी रंगीत, अपारदर्शक काच वापरत, चेहऱ्याच्या सौम्य छटांसाठी संगमरवर आणि इतर दगड वापरत. चेहऱ्याचे तुकडे अधिक लहान असतात, म्हणून दूर उभ्या असलेल्या प्रेक्षकाची नजर आपोआप तिथे स्थिरावते. सोनेरी तुकडा सर्वांत अवघड. काचेच्या जाड थरावर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख ठेवायचा, त्यावर काचेचा आणखी एक पातळ पापुद्रा चढवायचा आणि भट्टीत तिन्ही एकजीव करायचे. वर्ख काचेच्या आत बंदिस्त असल्यामुळे हात, धूर किंवा ओल यांचा त्याला स्पर्श होत नाही. चौदाशे वर्षांनंतरही राव्हेन्नातील सोने झळाळते त्याचे कारण हेच.

पण ही झळाळी गुळगुळीत आरशाची नाही. तुकडे हाताने बसवलेले असल्याने प्रत्येकाचा कल थोडा वेगळा आहे, आणि भिंतीचा पृष्ठभाग जवळून पाहिला तर किंचित ओबडधोबड आहे. त्यामुळे एका वेळी काहीच तुकडे प्रकाश परत फेकतात आणि बाकीचे तपकिरी, हिरवट किंवा जवळजवळ काळे राहतात. प्रेक्षक चार पावले पुढे सरकला की उजळ आणि काळोख्या जागा बदलतात. तेलाच्या दिव्यांच्या हलत्या ज्योतींत तर प्रेक्षक स्थिर असला तरी भिंत हलत राही. बायझंटिन सोनेरी पार्श्वभूमीला ‘सपाट’ म्हणणाऱ्या पुस्तकांशी माझे इथे तीव्र मतभेद आहेत. छायाचित्रात ती सपाट होते, कारण छायाचित्र एका जागेवरून आणि एका क्षणी घेतलेले असते. भिंतीवर तिला खोली नसली तरी हालचाल आहे.

या सोन्याचा अर्थ त्या काळच्या माणसांना कसा वाटे, हे राव्हेन्नातच लिहिलेले सापडते. थिओडोरिकच्याच काळात शहराच्या निसियावादी बिशपने स्वतःसाठी एक छोटे प्रार्थनागृह बांधले. त्याच्या प्रवेशकक्षातील लॅटिन पद्याचा आशय असा आहे: प्रकाश एकतर इथेच जन्मला, किंवा बंदी होऊन इथे आला आणि आता मुक्तपणे राज्य करतो आहे. भिंत प्रकाश परावर्तित करते असे तिथे म्हटलेले नाही, भिंत हेच प्रकाशाचे घर आहे असे म्हटले आहे. सोनेरी पार्श्वभूमी म्हणजे आकाश किंवा संपत्ती असे समीकरण मांडण्यापेक्षा हे पद्य अधिक उपयोगी आहे. त्या सोन्यासमोर उभ्या असलेल्या आकृतीला सूर्याची दिशा नसते, तिची सावली कुठल्या बाजूला पडेल हा प्रश्नच उरत नाही, कारण ती ज्या ठिकाणी आहे ते ठिकाणच प्रकाशाचे आहे.

राव्हेन्नात ही भाषा घडताना पाहता येते. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील सम्राज्ञी गाला प्लाचिदियाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाधीचे छत गडद निळे आहे आणि त्यावर सोनेरी तारे आहेत, म्हणजे ते अजून रात्रीचे आकाश आहे. त्याच शतकातील निसियावादी बाप्तिस्मागृहाच्या घुमटात ख्रिस्ताभोवतीचे बारा प्रेषित निळ्या पार्श्वभूमीवर चालतात. थिओडोरिकच्या एरिअन बाप्तिस्मागृहात तेच बारा प्रेषित सोन्यावर उभे आहेत. तेव्हा सोनेरी पार्श्वभूमी हे निसियावादी सिद्धान्ताचे चिन्ह नव्हते. या शहरात ती एरिअन राजाच्या कारागिरांनी तितक्याच ताकदीने वापरली.

तंत्राचा बदलाशी संबंध असा. रंगचित्रावर दुसरा रंग चढवता येतो, मोझेइकावर ते होत नाही. जे नको आहे ते छिन्नीने गिलाव्यासकट काढावे लागते, खड्ड्यात नवा चुना भरावा लागतो आणि नवे तुकडे बसवावे लागतात. नवी काच वेगळ्या भट्टीतली असते, तिची छटा तंतोतंत जुळत नाही. शिवाय कुशल कारागीर पार्श्वभूमीच्या ओळी आकृतीच्या कडेने वळवत नेतो. आकृती गेली आणि तिची जागा भरली, तरी भोवतीच्या त्या वळणदार ओळी राहतात आणि गेलेल्या देहाचा आकार सांगत राहतात. क्लासेच्या तटावरील आणि राजवाड्याभोवतीच्या खुणा अशाच वाचल्या जातात.

दरबाराच्या जागी संत

बिशप ॲग्नेलसपुढे पर्याय होते. इ.स. ५४७ मध्ये अर्पण झालेल्या सान व्हिताले या राव्हेन्नातीलच चर्चमध्ये वेदीच्या दोन्ही बाजूंना जस्टिनियन आणि त्याची सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह अर्पणपात्रे घेऊन उभे आहेत. जस्टिनियन राव्हेन्नाला कधीच आला नाही, तरी भिंतीवर तो सदैव हजर आहे. तेव्हा एका राजाचा दरबार काढून त्या जागी दुसऱ्याचा दरबार बसवणे सहज शक्य होते. या भिंतींवर ते केले गेले नाही. इथे संत आले.

मात्र हे संत दरबारी रीतीनेच चालतात. हुतात्म्यांच्या हातांत विजयाचे मुकुट आहेत आणि ते मुकुट वस्त्राने झाकलेल्या हातांवर धरलेले आहेत. सम्राटाला काही देताना किंवा त्याच्याकडून काही स्वीकारताना उघडा हात पुढे करायचा नाही, हा दरबारी शिष्टाचार होता. कुमारिकांनी सोनेरी, रत्नजडित वस्त्रे आणि पांढरे पदर घेतले आहेत. सान व्हितालेतील थिओडोराच्या सख्यांचे पोशाख डोळ्यांसमोर असतील तर हा वेश ओळखीचा वाटतो. दोन आकृतींच्या मध्ये खजुराचे झाड आहे. खजुराची फांदी ही हुतात्म्याच्या विजयाची खूण, आणि नीतिमान माणूस खजुराच्या झाडासारखा बहरेल, हे स्तोत्रसंहितेतील वचन त्या काळच्या भाविकाला पाठ असे. पायांखाली फुलांची हिरवी जमीन आहे, म्हणजे मिरवणूक राव्हेन्नाच्या रस्त्यावरून निघाली तरी आता ती नंदनवनातून चालली आहे.

या रांगांवर कंटाळवाणेपणाचा आरोप अनेकदा होतो, आणि छायाचित्रात एकेक आकृती पाहिली तर तो खराही वाटतो. परंतु ती रांग सुट्या आकृतींची म्हणून रचलेलीच नाही. देह, झाड, देह, झाड ही पुनरावृत्ती चाळीस मीटरच्या आसपास लांबीच्या भिंतीवर ताल धरते आणि दारातून आत येणाऱ्या माणसाला वेदीच्या दिशेने ओढते. त्या वेळच्या प्रथेप्रमाणे स्त्रिया उत्तरेच्या बाजूला आणि पुरुष दक्षिणेच्या बाजूला उभे राहत, म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्याच वर्गातील संतांची रांग होती. अर्पण घेऊन वेदीकडे जाणारे भाविक आणि मुकुट घेऊन सिंहासनाकडे जाणारे संत एकाच दिशेने चालत. त्यातही एक सूक्ष्म योजना आहे. संतांची पावले आणि देह पूर्वेकडे वळलेले असले तरी त्यांचे डोळे समोर, खाली उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतात. देह देवाकडे आणि नजर माणसाकडे, हा दुहेरी रोख हे बायझंटिन धार्मिक प्रतिमेचे माझ्या मते सर्वांत मोठे बलस्थान आहे, आणि ते इथे ४८ वेळा, न थकता, साधलेले आहे.

नावांची निवडही विचारपूर्वक आहे. प्रत्येक डोक्यावर नाव लिहिलेले आहे, कारण बहुतेकांच्या चेहऱ्यांत व्यक्तिविशेष शोधून सापडत नाही. ॲग्नेसच्या पायाशी कोकरू आहे, तिच्यासारखी ठळक खूण फारच थोड्यांना दिली आहे. हुतात्म्यांच्या अग्रभागी जांभळा झगा घेतलेला मार्टिन आहे. तो हुतात्मा नव्हता. तूर्सचा हा बिशप इ.स. ३९७ मध्ये वार्धक्याने वारला. तरी क्लेमेंट, सिक्स्टस, लॉरेन्स अशा रोमच्या थोर हुतात्म्यांच्याही पुढे त्याला स्थान मिळाले, कारण तो एरिअन मताचा कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध होता आणि चर्च आता त्याच्या नावाचे होते. कुमारिकांच्या अग्रभागी युफेमिया आहे. इ.स. ४५१ मध्ये ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वरूपाविषयी निर्णय देणारी कॅल्सिडनची धर्मसभा तिच्याच चर्चमध्ये भरली होती. शहराचा स्वतःचा संत आपोल्लिनारिस मात्र रांगेच्या मध्यात, इतरांसारखाच एक आहे. सिद्धान्त रूपात नाही तर अनुक्रमात मांडलेला आहे: कोण आधी आणि कोण नंतर, एवढ्यावरून.

युफेमियाच्याही पुढे तीन मागी, म्हणजे बालख्रिस्ताच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, आहेत, भेटवस्तू घेऊन वाकून धावणारे. त्यांची वस्त्रे पूर्वेकडील नक्षीची आहेत आणि त्यांची गती बाकीच्या संथ रांगेशी मुद्दाम विसंगत आहे. बालख्रिस्तासमोर झुकणारे पहिले परदेशी म्हणून अर्पणाच्या मिरवणुकीचे ते मूळ आदर्श ठरतात, आणि सान व्हितालेत थिओडोराच्या झग्याच्या काठावरही तेच विणलेले आहेत. आज दिसणारा त्यांचा वरचा भाग एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीचा आहे. रोमचा मोझेइक-कारागीर फेलिचे किबेल याने त्या वेळी इथे बरेच काम केले. समोरच्या भिंतीवर ख्रिस्ताच्या हातात दिसणारा राजदंडही नंतरच्या दुरुस्तीतला आहे. मूळ हातात ‘मी वैभवाचा राजा आहे’ असे लिहिलेला उघडा ग्रंथ होता. राजदंडावरून ख्रिस्ताच्या राजसत्तेविषयी निष्कर्ष काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. अर्थ तोच राहतो, परंतु मूळ चित्रात तो शब्दांतून आलेला होता.

जे तसेच ठेवले

आता या प्रकरणातील मुख्य प्रश्नाकडे येऊ. चर्च एरिअन पंथाचे होते, ते निसियावादी झाले. मग पाखंडी मानल्या गेलेल्या राजाने काढवून घेतलेली ख्रिस्ताची चित्रे का पुसली नाहीत?

वरच्या पट्टीतील २६ प्रसंगांत एरिअन मताची चिन्हे शोधण्याचे प्रयत्न झालेले आहेत. उत्तरेकडील चमत्कारांत ख्रिस्त तरुण आणि दाढीविना आहे, दक्षिणेकडील दुःखभोगात तो दाढीधारी आणि प्रौढ आहे. तो वयाने वाढतो म्हणजे तो शाश्वत नाही, असा अर्थ काहींनी लावला. दुःखभोगाच्या मालिकेत क्रुसावरील मृत्यूचा प्रसंग नाही, त्यावरूनही तर्क झाले. मला हे पटत नाही. सहाव्या शतकात क्रुसावरील ख्रिस्ताचे भव्य चित्र चर्चच्या भिंतीवर काढण्याची रीत अजून रुजलेली नव्हती, आणि दाढीविना ख्रिस्त सान व्हितालेसारख्या निःसंशय निसियावादी चर्चच्या अर्धघुमटातही निळ्या गोलावर बसलेला आहे. शिवाय या चित्रांतील ख्रिस्त सर्वत्र जांभळ्या वस्त्रात आहे आणि त्याच्या तेजोवलयात रत्नजडित क्रूस आहे. जांभळा हा सम्राटाचा रंग. त्याला कमी लेखण्याचा उद्देश असता तर हा रंग दिला गेला नसता.

या प्रसंगांपैकी एकाकडे रंगांच्या अर्थासाठी आवर्जून पाहावे. मेंढ्या आणि शेरडे वेगळी करण्याच्या दृष्टांतात ख्रिस्त मध्यभागी बसला आहे. त्याच्या उजव्या बाजूला, मेंढ्यांकडे, लाल देवदूत आहे आणि डाव्या बाजूला, शेरडांकडे, निळा. दोघेही देखणे आहेत, दोघांनाही तेजोवलय आहे. निवाडा चेहऱ्यावरच्या भावात नाही, रंगात आणि बाजूत आहे. निळ्या देवदूताला सैतानाचे आरंभीचे चित्र म्हटले गेले आहे. मला ते नाव घाईचे वाटते, परंतु लाल म्हणजे तेज आणि निळा म्हणजे काळोखी हवा ही जोडी त्या काळच्या प्रेक्षकाला समजत असावी, यात शंका वाटत नाही. ही पट्टी छताला टेकलेली, फार उंचावर आहे. म्हणूनच प्रत्येक प्रसंगात मोजक्या आकृती, मोठे हावभाव आणि रिकामे सोने आहे. खालून ओळखू यावे म्हणून कारागिराने कथेतून जेवढे गाळता येईल तेवढे गाळले आहे.

एरिअन बाप्तिस्मागृहाचेही तसेच. ते मारियेला अर्पण केलेले प्रार्थनागृह झाले, पण त्याच्या घुमटातील ख्रिस्ताचा बाप्तिस्मा आणि प्रेषितांचे वलय जसेच्या तसे राहिले. तेव्हा निष्कर्ष असा निघतो की दोन्ही पंथांची दृश्यभाषा एकच होती. ज्या सिद्धान्तावरून दोन चर्चे आणि दोन बिशप झाले, तो सिद्धान्त काचेच्या तुकड्यांत वेगळा दाखवला गेला नव्हता, आणि बिशप ॲग्नेलसच्या माणसांनाही तो तिथे दिसला नाही. त्यांना खटकली ती ख्रिस्ताची प्रतिमा नव्हे. ख्रिस्ताच्या सिंहासनाकडे जाण्याचा मान भिंतीवर कुणाला मिळाला होता, हे खटकले. शुद्धीकरण धर्माच्या नावाने झाले, छिन्नी मात्र राजा आणि त्याचे दरबारी यांच्यावरच चालली.

हात का राहिले

एवढे काळजीपूर्वक काम करणाऱ्या कारागिरांनी हात का सोडले, याची दोन उत्तरे दिली जातात.

पहिले व्यवहाराचे आहे. पडदे कमानींच्या मोकळ्या जागेत बसवायचे होते. खांबावर आलेला हात काढायचा तर खांबाचा पांढरा अंगही तोडून नव्याने भरावा लागला असता. कामाची सीमा खांबाच्या कडेवर ठरवली, की हात आपोआप सीमेबाहेर राहतात. दुसऱ्या मताचे अभ्यासक म्हणतात की हात मुद्दाम ठेवले गेले. रोमन जगात पदच्युत माणसाची स्मृती पुसताना पुसल्याची खूण राहू देण्याची जुनी परंपरा होती. रोममधील सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसच्या विजयकमानीवरून त्याचा मुलगा सम्राट काराकाल्ला याने आपला भाऊ गेटा याचे नाव काढले आणि तिथे दुसरा मजकूर बसवला, तरी ती ओळ बदललेली आहे हे आजही दिसते. नाव विसरायचे नसते, ते गेले आहे हे दिसायचे असते.

मला दोन्ही मते एकमेकांच्या विरोधी वाटत नाहीत. क्लासेच्या तटासमोरची माणसे काढताना तट पुन्हा बांधून काढण्याइतके कष्ट कारागिरांनी घेतले होते. खांबावरचे काही हात काढणे त्याहून फार अवघड नव्हते. तेव्हा सुरुवात सोयीतून झाली असेल, पण मचाण उतरवल्यानंतर ते काम बिशपने स्वीकारले, आणि पुढेही कुणाला ते हात काढावेसे वाटले नाहीत, हेही खरे. सोळाव्या शतकात जमीन खचत असल्यामुळे चर्चची फरशी आणि खांब मीटरभराहून अधिक उचलले गेले, म्हणून आजचा प्रेक्षक मोझेइकांच्या मूळ प्रेक्षकापेक्षा अधिक जवळ उभा असतो. सहाव्या शतकात ते हात आजच्यापेक्षा दुरून दिसत, तरी राव्हेन्नातील ज्यांना जुना दरबार आठवत होता त्यांना ते शोधावे लागले नसतील.

हातांच्या रूपाचाही विचार करायला हवा. एकाच भिंतीवर दोन प्रकारचे हात आहेत. हुतात्म्यांचे हात झाकलेले आहेत, त्यांवर मुकुट आहेत आणि ते ख्रिस्ताकडे जात आहेत. दरबाऱ्यांचे हात उघडे आहेत, त्यांत काही नाही, आणि ज्या राजाकडे ते पसरले होते तो आता नाही. पडद्यांनाही असाच दुहेरी अर्थ आला. दरबारात पडदा सम्राटाला झाकतो आणि योग्य क्षणी त्याला प्रकट करतो. इथे तो ओढलेला आहे, पण मागे कुणी नाही. हे सारे बिशपने ठरवून केले असे मी म्हणणार नाही. दरबारी दृश्यभाषा इतकी मुरलेली होती की तिच्यातला एक भाग काढला तरी उरलेल्या भागाला नवा अर्थ लगेच मिळाला, एवढे म्हणता येते.

‘जस्टिनियन’ नाव असलेला चेहरा

दरवाज्याच्या आतील भिंतीवर एक मोझेइक-चेहरा आहे. प्रौढ, भरीव गालांचा, मुकुट आणि तेजोवलय असलेला, अंगावर सम्राटाचा जांभळा झगा आणि खांद्यावर रत्नांचे बकल. त्याला ‘जस्टिनियन’ असे नाव दिलेले आहे. नवव्या शतकात राव्हेन्नाच्या बिशपांचा इतिहास लिहिणाऱ्या इतिहासकाराने, ज्याचे नाव योगायोगाने ॲग्नेलसच होते, या चर्चमध्ये जस्टिनियन आणि बिशप ॲग्नेलस यांच्या प्रतिमा असल्याची नोंद केली आहे. याच इतिहासकारामुळे राजा थिओडोरिकने हे चर्च पायापासून बांधल्याचा कोरीव लेखही आपल्याला माहीत आहे. मात्र हा चेहरा सान व्हितालेतील जस्टिनियनच्या सडपातळ चेहऱ्याशी जुळत नाही, आणि तो मुळात थिओडोरिकचा असून त्याला नंतर नाव आणि सम्राटाची काही चिन्हे दिली गेली, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीने या चेहऱ्याला बराच हात लावला असल्यामुळे वाद अजून मिटलेला नाही.

हे मत खरे धरले तर भिंतीवरील दरबाराची जी गोष्ट आपण पाहिली तीच इथे एका चेहऱ्यावर घडली. राजवाड्याच्या कमानीत राजाला काढावे लागले, कारण तिथे तो ख्रिस्ताकडे जाणाऱ्या मिरवणुकीचा आरंभ होता आणि ती जागा आता संतांची होती. दाराच्या भिंतीवर मात्र त्याला काढण्याची गरज पडली नाही. तिथे तो राजा म्हणून एकटाच होता, आणि राजाची खूण म्हणून लागणारा जांभळा झगा, मुकुट आणि तेजोवलय ही एरिअन गॉथाला जशी शोभत होती तशीच निसियावादी रोमन सम्राटालाही शोभली. कारागिराला अक्षरे बदलून भागले.